चांगले नांदवले

एप्रिल लागला की आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दुपारी नळाचं पाणी इतकं कढत येतं की महेश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "आता नुसती चहापूड टाक." दरवर्षी तेच म्हणतो आणि दरवर्षी मी हसते. यंदाही हसले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. खिडकीत ताटात मीठ-हळद लावलेल्या कैरीच्या फोडी वाळताहेत, मानेवर ओला नॅपकिन आहे, समोर 'शिक्षा आणि सुधारणा' या पेपरच्या नोट्स आहेत. वय वर्षं चव्वेचाळीस. समोरच्या इमारतीतली दहावी संपलेली पोरं मोकाट सुटली आहेत आणि मी परीक्षेला बसणार आहे.

कैरीचा आंबट वास आणि हायलायटर पेनाचा तो औषधी वास एकत्र नाकात गेला की मला तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवतो. माझ्या फाउंडेशन वर्षाचा शेवटचा महिना. घोडबंदर रोडवरच्या एका खासगी विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्याय हा पदवीचा अभ्यासक्रम आहे. ज्यांना बारावीला गुण कमी किंवा ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलेलं, त्यांच्यासाठी त्या तीन वर्षांच्या आधी एक जास्तीचं वर्ष जोडलेलं असतं. वाचायचं कसं, टिपण काढायचं कसं, ऐकीव आणि पाहिलेलं यांत फरक करायचा कसा, असल्या गोष्टी त्यात शिकवतात. ते वर्ष पार केलं तर पदवीला प्रवेश, नाहीतर एक प्रमाणपत्र हातात घ्यायचं आणि घरी जायचं. मी पार केलं, हे आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. पण त्या एप्रिलमध्ये मला गुणांपेक्षा एका बाईची भीती जास्त वाटत होती. तिच्यासमोर जाऊन एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगितल्याशिवाय माझं वर्ष पुरं होणार नव्हतं.

लोक विचारायचे, या वयात गुन्हेशास्त्र कशाला? पोलिसात जाणार का? सासरची एक आत्या तर म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि ही तिथे राहायलाच गेली." आत्याबाईंचं काही चुकलं नव्हतं. सतरा वर्षं मी त्या पायरीच्या बाजूलाच बसत होते. ठाण्यात टेंभी नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कोर्टाच्या भिंतीला लागून आम्हा टायपिंगवाल्यांची टेबलं. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आणि प्रिंटर आला, वरची ताडपत्री मात्र तीच राहिली. भाडेकरार, नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र, वारसाचा अर्ज, पोटगीचा अर्ज, काय वाट्टेल ते. माझा हात इतका चालायचा की वकील मंडळी कागद माझ्याकडेच पाठवायची. "बाईंकडे द्या, पंधरा मिनिटांत हातात मिळेल."

पंधरा मिनिटांचं रहस्य असं की नवं काही लिहायचंच नाही. जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, तारखा बदलायच्या, मधे दोन परिच्छेद त्या माणसाचे भरायचे आणि प्रिंट द्यायचं. सगळेच असं करतात, मी त्यांच्यापेक्षा जास्त वेगाने करायचे एवढंच. आणि मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, भरपूर अभिमान होता.

नवऱ्याविरुद्ध बायकोचा अर्ज असला की त्यात एक वाक्य ठरलेलं. 'लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस सामनेवाले यांनी अर्जदारास चांगले नांदवले.' मग पुढच्या परिच्छेदात 'परंतु त्यानंतर' म्हणून मारहाण सुरू. हे वाक्य कुणी पहिल्यांदा लिहिलं देव जाणे. मी टेबलावर बसायला लागले तेव्हाही ते होतं. त्यामुळे अर्ज कसा समतोल वाटतो, असं एका वकिलांनी मला सांगितलं होतं. काही फायलींत 'काही दिवस' असायचं, काहींत 'सहा महिने'. जी फाईल हाताशी येईल ती.

वंदना आली तेव्हा हाताशी सहा महिन्यांची फाईल होती.

वंदना हे तिचं खरं नाव नाही. कोलशेतच्या खाडीकडच्या गावातली, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, सडपातळ, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. तिच्या वकीलसाहेबांनी पाठवली होती, सोबत चिठ्ठी, 'नेहमीचा डी.व्ही. अर्ज. बाई सांगतील ते मधे घाला.' डी.व्ही. म्हणजे घरगुती हिंसाचार. तिला त्या दिवशी ताप होता. स्टुलावर बसून ती सांगत होती आणि मी टाइप करत होते. "लग्नाच्या चवथ्या दिशी मारलान मना," ती म्हणाली. "पाटावर जेवायला बसली होती, तवाच." मी ते ऐकलं. अगदी नीट ऐकलं. मधल्या परिच्छेदात 'क्षुल्लक कारणावरून मारहाण' असं घातलं. वरचं वाक्य तसंच राहिलं. खाली 'सदरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व बरोबर आहे' हेही तसंच राहिलं, कारण तेही फाईलमध्येच होतं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. सही मात्र येत होती, मोठी, अक्षरं सुटी सुटी. तिने ती केली आणि मी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्यानंतर कितीतरी महिने गेले. एका सकाळी वकीलसाहेबांना जास्तीची प्रत हवी होती म्हणून मी ती घेऊन कोर्टाच्या खोलीत गेले. दारातच थांबले, कारण उलटतपासणी चालू होती. समोरचे वकील अगदी सभ्य, आवाज न चढवणारे. त्यांनी विचारलं, "चौथ्या दिवशी मारलं असं तुम्ही आज म्हणता. मग अर्जात सहा महिने चांगले नांदवले असं का म्हणालात?" आणि त्यांनी वाक्य वाचलं. माझं वाक्य. मी हजार वेळा टाइप केलेलं आणि एकदाही कानांनी न ऐकलेलं.

वंदनाने कागद हातात घेतला. जणू त्यात बघून कळणार होतं. मग म्हणाली, "कागदावर हाय, तर मीच बोलली असेन."

तेव्हा मी बोलायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. मी दारात उभी होते, हातात प्रत होती, तोंडात जीभ होती. प्रत शिपायाकडे दिली आणि खाली आले. त्या दुपारी मी आणखी दोन अर्ज टाइप केले. त्यातल्या एकात ते वाक्य होतं आणि माझा हात थांबला नाही. पुढे कळलं की वंदनाचा अर्ज नामंजूर झाला. तिच्या बोलण्यात विसंगती आहे, असं कारण होतं.

लाज ही फार आळशी गोष्ट आहे. ती येते, बसते आणि आपल्याकडून काहीच करून घेत नाही. सहा महिने मी लाजेसोबत टेबलावर बसले. कुणाला काही बोलले नाही, महेशलाही नाही. मग जूनमध्ये कल्याणहून एक मुलगी आली, सिद्धी नाव, एकोणीस वर्षांची, कानात चार बाळ्या. एक वर्ष शिक्षण सुटलं होतं म्हणून तिला प्रवेशासाठी खंडाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी फाईल उघडली, नाव बदललं, प्रिंट दिलं. ती कागद घेऊन वाचायला लागली. इतक्या वर्षांत कागद वाचणारी मी बघितलेली ती बहुधा पाचवी किंवा सहावी.

"आंटी, हे काय? 'आजारपणामुळे' लिहिलंय. मी आजारी नव्हते."

"तसंच लिहितात गं."

"पण मी फेल झालेले ना. फिर घरी बसलेले वर्षभर. आजारी कधी होते मी?"

"काय फरक पडतो? चालतं ते."

"तुम्हाला चालतं. सही माझी आहे," असं म्हणून तिने कागद टेबलावर ठेवला. उद्धटपणे नाही, साधेपणाने. मी नवं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, 'बारावीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे'. एकच शब्द बदलायचा होता आणि मला त्याला जितका वेळ लागला तितका कधी लागला नव्हता. मग विचारलं, कशाला प्रवेश घेतेस? तिने सांगितलं. फाउंडेशन वर्षाचंही सांगितलं, वयाची अट नाही हेही. ती गेली आणि मी माझ्या स्वतःच्या नावाचं खंडाचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. बावीस वर्षांचा खंड. कारणाच्या जागी काय लिहावं ते अर्धा तास सुचेना. शेवटी 'शिकायचं राहून गेलं' असं लिहिलं. नोटरी हसले, पण त्यांनी शिक्का मारला.

महेशला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, वंदनासकट. तो डाळिंब सोलत होता. पूर्ण सोलून झाल्यावर म्हणाला, "मग शिक. अर्धवट सोडायचं नाही मात्र." एवढंच. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

पहाटे उठून डबा करायचा, सहाची बस पकडायची, आठला वर्गात. दुपारी एकला सुटलं की ठाण्यात टेबलावर, संध्याकाळपर्यंत टायपिंग. घोडबंदर रोडच्या गर्दीबद्दल लोक शिव्या देतात. मी तिथेच सगळ्या विषयांच्या नोट्स पाठ केल्या. वर्गात मी सगळ्यात मोठी. पहिल्या दिवशी एकाने मलाच शिक्षिका समजून उठून गुड मॉर्निंग केलं, मीही गुड मॉर्निंग म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मग सगळा वर्ग मला काकू म्हणू लागला. सिद्धी तेवढी आंटीच म्हणायची. "नव्याचे नऊ दिवस," असं मी स्वतःलाच म्हणायचे, कारण दहाव्या दिवशी मी पळून जाईन अशी माझी मलाच धास्ती होती.

आमच्या मृण्मयी मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई. दिवाळीआधी त्यांनी एक सराव ठेवला होता. एक रिकामी वर्गखोली घेऊन तिथे काहीतरी घडलंय अशी मांडामांड केली होती, आणि आम्ही आत जाऊन त्या जागेचा पंचनामा लिहायचा. पोरं घाबरलेली. मी मात्र खूश. पंचनामे माझ्या हाताखालून शेकड्याने गेलेले. सगळ्यांना अर्धा तास होता, मी दहा मिनिटांत कागद दिला आणि कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायले.

वीसपैकी चार मिळाले.

मी मॅडमकडे तावातावाने गेले. त्यांनी माझा कागद काढला आणि मला त्याच खोलीत घेऊन गेल्या. मांडामांड अजून तशीच होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष.' कोण पंच होते, ताई?" कुणी नव्हतं. "'पुरेशा सूर्यप्रकाशात.'" पडदे ओढलेले होते आणि ट्यूबलाइट चालू होती. "'आक्षेपार्ह असे काही मिळून आले नाही.'" खुर्ची उलथलेली होती, तिच्यापाशी एकच चप्पल होती, बायकांची, पट्टा तुटलेली. मी ती चप्पल ओलांडून गेले होते. माझ्या कागदात चप्पल नव्हतीच.

"तुम्ही खोलीत आलातच नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कागद घेऊन आलात."

मला रडू आलं. चार गुणांचं नाही, त्या चपलेचं. मॅडमना वाटलं वय झालेल्या बाईला अपमान सोसला नाही, त्यांनी पाणी आणून दिलं. त्यांना कारण सांगायला मला पुढे तीन महिने लागले.

त्या दिवसापासून मी एक वही केली. बसच्या खिडकीतून जे दिसेल ते लिहायचं, आणि जे दिसत नाही ते लिहायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा. बाजूच्या गाडीतला माणूस रडत होता, असं मी लिहिलं आणि खोडलं. त्याने दोनदा डोळे पुसले, एवढंच मी पाहिलं होतं. कदाचित धूळ गेली असेल. एक बाई कामावर उशिरा निघाली होती, खोडलं. बाईने तीन वेळा घड्याळ पाहिलं. अशा चार वह्या भरल्या. सुरुवातीला पानाला दहा खाडाखोडी व्हायच्या, मार्चपर्यंत दोन-तीनवर आल्या. कुणी मला विचारलं की फाउंडेशन वर्षात काय शिकलीस, तर मी सांगते की कमी लिहायला शिकले.

टेबलावर मात्र यामुळे माझी पंचाईत झाली. पंधरा मिनिटांचा अर्ज तासाचा झाला. मी लोकांना विचारायला लागले, आणि एकदा विचारलं की माणसं सांगतात. एक म्हातारे गृहस्थ वारसाच्या अर्जासाठी आले आणि मयत बायकोला भरल्या वांग्यात गूळ किती लागायचा इथपर्यंत पोचले. मागे रांग. शेजारच्या टेबलावरचे शिंदे म्हणाले, "बाई, तुम्ही टायपिंग करता की मुलाखती घेता?" तयार कागद मी वाचून दाखवायला लागले, तेव्हा तर एका दुसऱ्या वकिलांचा कारकूनच यायचा बंद झाला.

वर्षाचा शेवटचा प्रकल्प निम्म्या गुणांचा होता. न्यायाची एखादी प्रक्रिया तुम्ही स्वतः पाहिलेली असली पाहिजे, त्यावर तीन हजार शब्द. ज्या माणसाबद्दल लिहाल त्याची लेखी संमती, आणि लिहिताना नाव बदललेलं. शंभरात पन्नास नाही मिळाले तर पदवीला प्रवेश नाही. मी वंदनावर लिहिलं. दुसरं काही लिहिता येणारच नव्हतं. कच्चा मसुदा सिद्धीला वाचायला दिला, कारण कागद वाचावा तर तिनेच. कँटीनमध्ये समोसा खात खात तिने वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तेल लागलं कागदाला.

"'टंकलेखकाकडून अनवधानाने चूक झाली.' आंटी, अनवधानाने म्हणजे?"

"म्हणजे लक्ष नसताना. चुकून."

"पण चुकून कुठे? तुम्ही तर रोज तेच करत होता ना? आणि टंकलेखक कोण? तुम्हीच ना? मग 'मी' लिहा की."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी तिला म्हणणार होते. पण तिचं बरोबर होतं. मी नवा मसुदा 'मी'पासून लिहिला. तो घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि मागची पानं चाळली. "संमतीपत्र कुठे आहे?"

नव्हतं. दहा दिवस उरले होते.

वकीलसाहेबांकडे वंदनाची चौकशी करायला गेले, तेव्हा त्यांनी मला बसवलं, ताक मागवलं. वाईट माणूस नाही तो. "बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला? कागदावर सही तिची आहे. टायपिस्टची काय जबाबदारी? आणि हे बाहेर गेलं तर उद्या कोण वकील तुमच्याकडे कागद पाठवेल?" मी ताक प्यायले. म्हटलं, "साहेब, माझी सही नव्हती हेच तर वाईट आहे." त्यांनी मान हलवली. पुढे त्यांचं काम खरंच बंद झालं, आणखी दोघांचं झालं. आज माझ्याकडे येणारे बहुतेक लोक वकिलांनी पाठवलेले नसतात, एकमेकांकडून ऐकून आलेले असतात. धंदा आधीच्या निम्मा आहे. मी निभावते आहे.

पत्ता माझ्याकडेच होता. त्या अर्जातली ती एक गोष्ट तरी खरी होती. निघताना महेश म्हणाला, "तिने कानाखाली वाजवली तर मुकाट्याने खाऊन ये." मी म्हटलं, तेच ठरवून चाललेय. आणि खरंच तसं ठरवलं होतं. माफी मागायची, सही मागायची, नाही म्हणाली तर परत यायचं आणि वर्ष सोडून द्यायचं. पण सही मिळावी म्हणून गोष्ट मऊ करून सांगायची नाही. काही झालं तरी नाही. बसमध्ये मी तेच तेच मनात घोकत होते.

कोलशेतला मोठ्या इमारतींच्या मागे रस्ता एकदम अरुंद होतो आणि गाव लागतं. दुपारचे तीन वाजले असतील. खाडीच्या ओल्या चिखलाचा वास, वर ऊन असं की डोळे किलकिले करून चालावं लागत होतं. एका घरासमोर प्लास्टिकच्या चादरीवर सुकट पसरली होती आणि वंदना तिच्यातला कचरा वेचत बसली होती. दारात तिची आई, पायाला तेल लावत. वंदनाने मला ओळखलं नाही. कशी ओळखणार, मी तिच्या आयुष्यात अर्धा तास होते.

मी उन्हातच उभी राहिले. "वंदनाताई, मी कोर्टाबाहेरची टायपिंगवाली. तुमचा अर्ज मी टाइप केला होता."

तिचा हात थांबला. "आता कशाला आयलीस? संपला ना त्यो मॅटर."

मी सांगायला लागले. अडखळत, पण क्रमाने. जुन्या फायली कशा असतात, वाक्यं कशी ठरलेली असतात. तुम्ही चौथ्या दिवसाचं सांगितलंत, जेवायला पाटावर बसला होतात ते सांगितलंत, मी ते ऐकलं. सहा महिन्यांचं वाक्य तुमचं नव्हतं. ते आधीपासून फाईलमध्ये होतं. मी काढलं नाही आणि तुम्हाला वाचूनही दाखवलं नाही. कोर्टात ते वाचलं गेलं तेव्हा मी दारात उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही.

मी थांबले. आता ती उठेल असं मला वाटलं. तिने सुकट चाळणारा हात फडक्याला पुसला, एकदा, मग पुन्हा.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी तसा बोललीच नव्हती?"

"नाही."

"तापात पण नाय?"

"तापातसुद्धा नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे वळली आणि ओरडली, "आये, ऐकलास? मी नाय बोलली!"

तेव्हा मला कळलं की दीड वर्ष या घरात काय चाललं होतं. मला वाटत होतं की तिला आपलं वाक्य आपलं नाही हे ठाऊक असणार, आणि ती कुणा अनोळखी माणसावर रागावलेली असणार. तसं नव्हतं. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की तूच काहीतरी वेडंवाकडं बोललीस, तूच तुझा खटला बुडवलास. तिच्या धाकट्या भावाने, ज्याने वकील गाठून दिला होता, त्याने, "तू खोटारडी, आमाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाय," असं म्हणून बोलणं टाकलं होतं. आणि हळूहळू तिलाही वाटायला लागलं होतं की ताप होता, बोललेही असेन. आपल्याला खरंच चौथ्या दिवशी मारलं होतं का, हेसुद्धा ती कधी कधी स्वतःला विचारायची, असं तिने मला नंतर सांगितलं. हे माझ्या तीन हजार शब्दांत कुठेच नव्हतं. मी एक अर्ज बिघडवला असं लिहिलं होतं. मी एका बाईची आठवण बिघडवली होती.

रडावंसं वाटलं, पण तो माझा हक्क नव्हता. मी उभीच राहिले. आईने मला आत बोलावलं नाही, पाणी मात्र पाठवलं, वंदनाच्याच हाती.

संमतीपत्रावर तिची सही त्या दिवशी मिळाली. पण मी अभ्यासाचं सांगून पर्समधून कागद काढला तेव्हा तिने तो बाजूला सारला. "त्यो मंग. आदी ह्याला फोन लाव," म्हणून तिने मला तिच्या फोनवर भावाचा नंबर दाखवला. "मी केला तर घेत नाय तो. तुज्या फोनवरशी लाव."

मी लावला, स्पीकरवर. कुठेतरी गाडी चालवत होता, मागे हॉर्न वाजत होते. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हटलं, "तुमच्या बहिणीच्या अर्जात सहा महिने चांगलं नांदवलं असं वाक्य होतं ना? ते ती बोलली नव्हती. मी घातलं होतं. ती पहिल्यापासून चौथ्या दिवसाचंच सांगत होती. मी स्वतः ऐकलं होतं."

हॉर्नचा आवाज थांबला. बहुतेक त्याने गाडी बाजूला घेतली. मग तो म्हणाला, "म्हणजे ती खरं बोलत होती?"

"हो. पूर्ण वेळ."

मग त्याचा आवाज आला, खाली आलेला. "ताईला द्या ना फोन."

मी फोन पुढे केला. वंदनाने घेतला नाही. चादरीवर गुडघे टेकून ती ताठ बसली होती, डोळे कोरडे, भुवईवरची खूण उन्हात पांढरी दिसत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला बोल, फोनवर नको. इकरं ये, आयेच्या म्होरं बस, आन मंग बोल."

मी फोन तोंडापाशी आणला आणि त्याला सांगितलं, "ती म्हणतेय, फोनवर नको. इकरं ये, आयेच्या म्होरं बस, आन मंग बोल."